शाई वाळण्याआधी

चित्रमुद्रण चालू असतानाच त्याच मुद्रणाचा आधीचा भाग उघडून पाहता येतो, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी काही मत असू शकते, हेच कुणाच्या ध्यानीमनी नसते. आमचे मात्र मत आहे, आणि ते थोडे लांबवर मांडावे लागणार आहे. वाचकांनी जरा धीर धरावा.

प्रथम आम्ही कशाबद्दल बोलत आहोत ते स्पष्ट करतो, कारण इथे दोन गोष्टींची सरमिसळ नेहमी होते. कॅमेऱ्यासमोर जे घडते आहे ते त्याच क्षणी पडद्यावर दिसणे म्हणजे थेट दर्शन. घडून गेलेले, मुद्रित झालेले आणि मुद्रण संपलेले चित्र नंतर पाहणे ही चित्रफीत. आमचा विषय या दोहोंच्या मधला आहे. मुद्रण संपलेले नाही, पुढची पाने अजून लिहिली जात आहेत, आणि तरीही आपण मागचे पान उलटून वाचतो आहोत. लेखनिकाची लेखणी चालू असताना कुणी त्याच वहीचे आधीचे पान उलटावे आणि लेखणी क्षणभरही अडू नये, असा हा प्रकार.

सिल्लोडच्या बाजारपेठेत याचे उदाहरण शोधायला लागत नाही. छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. कापूस, मका, मिरची यांच्या हंगामावर इथली उलाढाल चालते. कापडाचे दुकान असो, कृषी सेवा केंद्र असो की सराफी पेढी, गल्ल्यामागे एक काळी पेटी असते आणि तिच्यावर चार किंवा आठ चौकोनांत विभागलेला पडदा. पेटीला सगळे 'डीव्हीआर' म्हणतात. या अक्षरांचा विस्तार फारसा कुणी सांगत नाही आणि त्याची गरजही पडत नाही. मघाशी पिशवी विसरून गेलेले गिऱ्हाईक कोण, हे मालकाला पाहायचे असते. तो माऊसने वेळेची पट्टी मागे ओढतो आणि अकरा वाजून दहा मिनिटे पुन्हा सुरू होतात. इकडे साडेअकराचे मुद्रण चालूच असते आणि त्यात पडद्याकडे मान वळवून बसलेला मालकही नोंदला जात असतो. पेटीतली तबकडी भरली की सर्वांत जुने चित्र पुसून त्या जागी नवे लिहिले जाते. म्हणजे हे मुद्रण सुरू झाले तेव्हापासून संपलेलेच नाही. ते पुढून वाढते आणि मागून झिजते. ज्याला शेवट नाही असा ग्रंथ, आणि वर त्याची पहिली पाने रोज फाडली जातात.

या सोयीला किती वाट पाहावी लागली हे पाहिले म्हणजे तिचे नवल कळते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली. चित्रित केलेली फिल्म धुण्यासाठी विलायतेला पाठवावी लागली. आगबोटीने ती गेली, धुतली गेली आणि परत आली. तेव्हा कुठे कुस्ती पडद्यावर दिसली. कुणी कुणाला चीत केले हे तोवर साऱ्या मुंबईला माहीत झाले असणार. पंच मंडळी ते चित्र पाहून निर्णय बदलतील, असे कुणाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. घटना आणि तिचे चित्र यांच्यामध्ये अक्षरशः समुद्र होता. १९०१च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांच्या स्वागताचे चित्रणही सावेदादांनी केले. तेही लोकांनी पाहिले ते झालेल्या गोष्टीची आठवण म्हणूनच.

चुंबकीय फीत आली आणि धुण्याची भानगड संपली. तरीही फीत एकच आणि तिच्यावरून फिरणारे डोकेही एकच. मुद्रण करायचे तर पाहता येत नाही, पाहायचे तर मुद्रण थांबवून फीत मागे गुंडाळावी लागते. घरोघरी आलेल्या व्हीसीआरच्या पिढीला हे पुरते ठाऊक आहे. दूरचित्रवाणीवाल्यांनी यावर तोडगा काढला तो असा, की एक यंत्र थेट प्रक्षेपण करील आणि दुसरे बाजूला मुद्रण करून पटकन मागे जाईल. ७ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत लष्कर आणि नौदल यांच्या फुटबॉल सामन्यात टोनी व्हर्ना या दिग्दर्शकाने हे प्रथम साधले. कपाटाएवढे अवजड यंत्र मैदानावर वाहून आणले होते. फितीवर नेमकी जागा सापडावी म्हणून त्याने आवाजाच्या पट्टीवर खुणेचे ध्वनी टाकून ठेवले होते. सबंध सामन्यात एकदाच हा प्रयोग जमला. आणि तो जमला तेव्हा समालोचकाला काय करावे लागले? लष्कराच्या संघाने पुन्हा गुण मिळवलेला नाही, जे दिसते आहे ते मघाचेच आहे, असे त्याला प्रेक्षकांना बजावून सांगावे लागले. आम्हाला या साऱ्या इतिहासात हा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. त्या दिवसापर्यंत पडद्यावर चालू असलेल्या सामन्यातला काळ एकाच दिशेने वाहत होता. तो वळून मागे जाऊ शकतो हे माणसाला शब्दांत समजावून द्यावे लागले. आज आपल्या घरातले पाच वर्षांचे मूल थेट सामना बोटाने मागे ओढते आणि त्याला कुणी काही सांगत नाही.

मराठी माणसाचा या कथेत प्रवेश होतो तो १४ नोव्हेंबर १९९२ रोजी, डरबनच्या किंग्जमीड मैदानावर. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातील कसोटीचा दुसरा दिवस. जाँटी ऱ्होड्सची फेक, सचिन तेंडुलकर परत क्रीजकडे धावतो आहे. मैदानावरील पंच सिरिल मिचली स्वतः निर्णय न देता तो बाहेर बसलेल्या कार्ल लीबेनबर्ग यांच्याकडे सोपवतात. लीबेनबर्ग मघाची धाव पुन्हा पाहतात आणि तेंडुलकर बाद ठरतो. अशा रीतीने बाद दिला गेलेला जगातला पहिला फलंदाज आपला वांद्र्याचा मुलगा. क्रिकेटच्या इतिहासात ही नोंद एक गमतीची माहिती म्हणून येते. आमच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. सामना संपलेला नव्हता, चेंडू मृत झाला होता इतकेच. त्या छोट्याशा फटीत मागे जाऊन पाहणे शक्य झाले, आणि पाहिल्यामुळे पुढचे बदलले. सावेदादांची कुस्ती कितीही वेळा पाहिली तरी चीत झालेला मल्ल चीतच राहणार होता. इथे चित्र आठवणीच्या कपाटातून उठून न्यायासनावर जाऊन बसले.

आता थोडे यंत्राच्या पोटात शिरावे लागेल. कंटाळा येईल त्यांनी हा परिच्छेद आणि पुढचा ओलांडला तरी चालेल, पण ओलांडू नये अशी आमची विनंती आहे, कारण यात आम्हाला वाङ्मयीन मौज दिसते. भ्रमणध्वनीवर आपण जे चित्रण करतो ते बहुधा 'एमपी४' नावाच्या घडणीत साठवले जाते. या घडणीत चित्रांचा ढीग आधी रचला जातो, आणि कोणते चित्र ढिगात कुठे आहे याची अनुक्रमणिका सामान्यतः मुद्रण थांबवल्यावर, अगदी शेवटी लिहिली जाते. मुद्रण चालू असताना अशी फाइल उघडू गेल्यास ती उघडतच नाही. ढीग आहे, पण पत्ता नाही. मधेच वीज गेली किंवा बॅटरी संपली तर अनुक्रमणिका लिहायची राहून जाते आणि तासभराचे चित्रण असून नसल्यासारखे होते. आमच्या भागात भारनियमनाच्या काळात लग्नाचे चित्रण करणाऱ्यांनी हे दुःख भोगलेले आहे. अशा फायली दुरुस्त करून देणारी साधने पुढे आली खरी. पण ती प्रत्येक वेळी यशस्वी होतील याची हमी नसते.

दुसरी घडण प्रक्षेपणवाल्यांची. तिच्यात सगळे चित्र १८८ बाइटांच्या लहान लहान पुडक्यांत बांधतात आणि प्रत्येक पुडक्यावर त्याची ओळख लिहिलेली असते. वहीऐवजी सुट्या चिठ्ठ्या म्हणा ना. कुठूनही उचला, थोड्याच वेळात धागा सापडतो. आंतरजालावरचे बहुतेक थेट प्रक्षेपण याच विचारावर चालते. काही सेकंदांचा एक तुकडा तयार झाला की त्याचे नाव एका यादीत लिहायचे. पाहणाऱ्याचे यंत्र यादी वाचते, तुकडे मागवते आणि थोड्या वेळाने पुन्हा यादी विचारायला येते. कार्यक्रम संपला की यादीच्या तळाशी 'यादी संपली' अशा अर्थाची एक ओळ टाकतात. ती ओळ दिसेपर्यंत पाहणाऱ्याचे यंत्र पुनःपुन्हा येऊन विचारत राहते, अजून काही आहे का? कथा ऐकणाऱ्या मुलासारखे. यूट्यूबवर थेट चाललेला कार्यक्रम बारा तासांपर्यंत मागे ओढता येतो तो या रचनेमुळे. दूरचित्रवाणीवर हीच सोय अमेरिकेत १९९९ साली टिव्हो वगैरे पेट्यांनी दिली आणि आपल्याकडे २००८ साली टाटा स्काय प्लसने. फीत जाऊन तबकडी आली, तिच्यावर एका जागी लिहिता आणि दुसऱ्या जागी वाचता येते, एवढेच याचे रहस्य.

तंत्र असे सर्वत्र पोचले. ते कुठे वापरावे आणि कुठे नाही, याचा विचार मात्र कुणी केला असे दिसत नाही. आमच्या मते कसोटी अगदी साधी आहे. जिथे निर्णय व्हायचा आहे, तो अजून बदलता येण्याजोगा आहे आणि त्याचे बरेवाईट कुणाला तरी सोसायचे आहे, तिथे मुद्रण संपण्याची वाट न पाहता मागे जाऊन पाहता आलेच पाहिजे. जिथे काही ठरवायचे नाही, नुसते असायचे आहे, तिथे मुद्रण आपले चालू द्यावे आणि संपेपर्यंत त्याच्याकडे पाहू नये. आज नेमके याच्या उलट चालले आहे.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे लग्न. सिल्लोड परिसरातील बऱ्या ऐपतीच्या लग्नांत आता मांडवात एलईडीची भिंत असते. क्रेनवरचा कॅमेरा, ड्रोन आणि मिक्सरवर बसलेला एक पोरगा असा सरंजाम असतो. मंगलाष्टके सुरू होतात. वधू आणि वर यांच्यामध्ये अंतरपाट धरलेला असतो. अंतरपाट म्हणजे काय? दोघांनी एकमेकांना पाहायचे, पण अजून नाही. साऱ्या विधीचा प्राण त्या 'अजून नाही'मध्ये आहे. मांडवातले लोकही अंतरपाटाच्या एका किंवा दुसऱ्या बाजूला बसलेले असतात. वधूकडचे वधूला पाहतात, वराकडचे वराला. एलईडीवर मात्र दोन कॅमेऱ्यांची चित्रे शेजारी शेजारी लावलेली असतात आणि पाट धरलेला असतानाच दोघे समोरासमोर आलेले दिसतात. मग 'शुभमंगल सावधान', अक्षता पडतात, पाट खाली येतो, टाळ्या. आणि जेवणाच्या पंगती बसल्यावर त्याच भिंतीवर मघाचे दृश्य पुन्हा लावतात, संथ गतीने, वर गाणे चढवून. कोपऱ्यात मुद्रण चालूच असते, कारण पाठवणी अजून व्हायची आहे. नवरी स्वतःच्या लग्नाचे चित्र घास हातात धरून पाहते. आपण कशा दिसलो, हसताना ओठ वाकडा झाला का, हे तिला कळते. आणि पाठवणीला ती त्या कळलेल्यासह उभी राहते. तिचे रडू खोटे असते असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. पण आता ते रडू कॅमेऱ्याला दिसणार आहे, हे तिला माहीत झालेले असते.

जुन्या लग्नाच्या कॅसेटचे कौतुक करण्याचा आमचा हेतू नाही. फुलाच्या आकारातून वर उगवणारा, बदामाच्या चौकटीत विरघळणारा तो प्रकार काही फार सुंदर नव्हता. मात्र ती कॅसेट महिना-दोन महिन्यांनी हाती यायची. तोवर मुलगी सासरी रुळलेली असायची, दिवाळसणाला माहेरी आलेली असायची. बैठकीत सगळे गोळा होऊन बघायचे; कुणाला चिडवायचे, कुणाची साडी आठवायची, आणि कधी कधी चित्रात हसत असलेली एखादी आजी तोवर गेलेलीही असायची. ते पाहणे म्हणजे दुसरी घटना होती. तिला पहिलीपासून अंतर होते, आणि अंतरातच आठवण तयार होत असते. पंगतीत दाखवलेल्या चित्राला ही सवड मिळत नाही. त्याची आठवण होण्याआधीच ते पाहून झालेले असते. बरे, दूर असलेल्या नातेवाइकांसाठी थेट प्रक्षेपणाला आमची हरकत नाही. न्यू जर्सीत बसलेल्या मामाला अक्षता अर्ध्या मिनिटाने पडताना दिसल्या तर बिघडत नाही. तो मांडवात नव्हताच. मांडवात असलेल्यांना मांडवातून उठवून पडद्यासमोर नेऊन बसवण्याला आमची हरकत आहे.

आपल्या वाङ्मयाच्या उगमापाशीही हे दोन मार्ग आढळतात. सांप्रदायिक परंपरा सांगते की ज्ञानेश्वरी नेवाशाला बोलली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती बोलता बोलता उतरून घेतली. लेखनिक समोर, वक्ता समोर. चक्रधरांच्या लीळांचे असे झाले नाही. चक्रधर निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्या गोळा केल्या, नागदेवाचार्यांपासून सुरुवात करून ज्याने जे पाहिले त्याच्याकडून ते विचारून घेतले. पुढे मूळ पोथी हरवली आणि अनुयायांना ती स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली, त्यामुळे लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ झाले. लीळाचरित्र वाचताना अंगावर काटा येतो तो त्यातल्या बारीक तपशिलांमुळे. कोण कुठे बसले होते, स्वामी काय जेवले, कुणी काय प्रश्न विचारला. हे सगळे विरहानंतर आठवलेले आहे. लीळा चालू असताना भक्तांनी मागचे पान उलटून पाहिले असते, तर असा ग्रंथ झाला असता असे आम्हाला वाटत नाही. (याविरुद्ध ज्ञानेश्वरीचे उदाहरण कुणी पुढे करील. पण सच्चिदानंदबाबा लिहीत होते, वाचून दाखवत नव्हते, हे ध्यानात घ्यावे.)

चालू चित्राचा घातक उपयोग कसा होतो, हे आपण नोव्हेंबर २००८मध्ये मुंबईत पाहिले. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउस येथील कारवाई वाहिन्या क्षणाक्षणाला दाखवत होत्या. सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार तीच चित्रे पाहून आतल्या अतिरेक्यांना दूरध्वनीवरून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२च्या कसाब खटल्यातील निकालात वाहिन्यांच्या या वागण्यावर कठोर ताशेरे ओढले. २०१५ साली केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद झाले. कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल, तेवढीच दाखवायची. हा नियम आम्हाला रास्त वाटतो. पण त्यामागचे तत्त्व नीट पाहावे. तिथे चित्राला बंदी झाली नाही. चित्र आणि घटना यांमधले अंतर कुणाच्या हाती असावे, हे ठरले.

तोच प्रश्न इतरत्र आला की आपण गप्प बसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली न्यायालयीन कामकाजाच्या प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली, आणि २७ सप्टेंबर २०२२ रोजी घटनापीठांचे कामकाज प्रथम सर्वांसाठी थेट दाखवले. त्या दिवशीच्या प्रकरणांत शिवसेनेतील फुटीचे प्रकरण होते, म्हणून महाराष्ट्रात पुष्कळांनी ते पाहिले. कोणत्या वकिलाने मघाशी काय कबूल केले हे लोक मागे ओढून पुन्हा ऐकत होते आणि इकडे युक्तिवाद चालूच होता. अशा प्रकारे न्यायालय पाहण्याची संधी सामान्य माणसाला पूर्वी कधी मिळाली नव्हती. हे चांगले झाले.

परंतु पोलीस ठाण्याचे काय? २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा, आणि मुद्रण अठरा महिने, ते अगदीच शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला. अठरा महिने हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण मघाशी सांगितलेली ती मागून झिजणारी पेटी. कोठडीत मार खाल्लेला माणूस दाद मागायला उभा राहीपर्यंत त्याचा पुरावा पुसला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. मतदान केंद्रांच्या बाबतीत मात्र गाडी उलटी फिरली. डिसेंबर २०२४मध्ये, महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक होऊन महिनाभरात, निवडणूक नियमांतील ९३व्या नियमात बदल करून केंद्रांवरील कॅमेऱ्यांचे चित्रण लोकांना पाहण्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. मे २०२५मध्ये निवडणूक आयोगाने कळवले की निकालाला आव्हान दिले गेले नसेल, तर हे चित्रण ४५ दिवसांनंतर नष्ट करावे. आव्हान देण्याची मुदतही ४५ दिवसांचीच आहे. आयोगाचे म्हणणे असे की चित्रण खुले केल्यास कोण मताला आला आणि कोण नाही हे कळेल आणि मतदारावर दबाव येईल, चित्रणाचा दुरुपयोगही होईल. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. आमच्या खेड्यांत मत न देणाऱ्याचे नाव कळले की काय होते हे आम्ही जाणतो. तरीही या व्यवस्थेत एक विसंगती राहतेच. मतदान चालू असताना नियंत्रण कक्षातला अधिकारी ते चित्र पाहू शकतो. आव्हान द्यायचे की नाही हे ज्याला ठरवायचे आहे, त्याला ते ठरवण्याच्या दिवसांत पाहता येत नाही. आव्हान दिले तरच पुरावा टिकेल, आणि पुरावा पाहिल्याशिवाय आव्हान द्यावे की नाही ते कळणार नाही.

इथे कायद्याचा एक बारकावा सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या मताविरुद्ध तो सर्वांत बळकट मुद्दा आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे 'हॅश' मूल्य नोंदवावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या सर्व अक्षरांवरून गणिताने काढलेला ठसा. एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. आता गंमत पाहा. वाढत्या फाइलचा ठसा घेता येत नाही. घेतला तरी पुढच्या क्षणी तो खोटा ठरतो. मुद्रण मिटल्याशिवाय त्याला कायद्याच्या दृष्टीने ओळखच नाही. म्हणून कुणी म्हणेल, चालू मुद्रण पाहून निर्णय मागणे अप्रमाण आहे. आमचे उत्तर असे की पुरावा वेगळा आणि आठवण करून देणे वेगळे. लीबेनबर्ग यांनी प्रमाणपत्र मागितले नव्हते. शिवाय चिठ्ठ्यांच्या घडणीत प्रत्येक तुकडा स्वतःपुरता मिटलेला असतो, आणि त्याचा ठसा तिथल्या तिथे घेता येतो. अडचण यंत्राची नाही.

मग आम्हाला काय हवे आहे? अडतीच्या दुकानात मका मोजला जातो तेव्हा काट्यावर कॅमेरा असतो आणि पेटी मालकाच्या गल्ल्यामागे असते. वजनाबद्दल शेतकऱ्याला शंका आली, तर ती माल उतरवून गाडी रिकामी होण्याआधी मिटायला हवी. चार दिवसांनी दाखवलेले चित्र त्याच्या काय कामाचे? काट्याच्या कॅमेऱ्याचा एक पडदा शेतकरी उभा राहतो त्या बाजूला असावा आणि पट्टी मागे ओढण्याचा हक्क त्यालाही असावा. याला खर्च म्हणाल तर एका पडद्याचा आणि एका तारेचा. लग्नातल्या एलईडी भिंतीच्या एका दिवसाच्या भाड्यात अशा कितीतरी काट्यांची सोय होईल, अशी तुलना करण्याचा मोह आम्हाला आवरत नाही.

आणि ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी शाळेच्या पटांगणात सतरंजी अंथरली जाते. घरकुलाची यादी वाचली जाते, रस्त्याच्या खर्चाला मंजुरी घेतली जाते, आणि इतिवृत्त बहुधा नंतर कचेरीत बसून लिहिले जाते. काय ठरले याबद्दलचे भांडण पुढच्या सभेत निघते. तोवर कोण काय म्हणाले होते ते कुणालाच नक्की आठवत नाही, किंवा प्रत्येकाला आपल्या सोयीचे आठवते. सभेचे चित्रण आज भ्रमणध्वनीवर होतेच, कधी कधी चार जण चार बाजूंनी करत असतात. पण ती सगळी अनुक्रमणिका नसलेली पोथी. सभा संपल्यावर उघडणारी, आणि ज्याच्या खिशात आहे त्याच्याच मर्जीने उघडणारी. त्याऐवजी शाळेत असलेला प्रोजेक्टर भिंतीवर लावावा. एखाद्या बाईने उभे राहून म्हणावे, "भाऊ, मघाशी माझं नाव वाचलं होतं, आता यादीत नाही म्हणता, जरा मागे घ्या". आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने सर्वांसमोर ते मागे घ्यावे. सभा तेवढा वेळ थांबेल. मुद्रण थांबणार नाही, आणि मागे घ्यायला लावणारी ती बाईही त्यात नोंदली जाईल.

अशाने सभा कधी संपणारच नाहीत, जो तो मागे घ्या मागे घ्या म्हणेल, असा आक्षेप येईल. क्रिकेटमध्येही आला होता. तिथे प्रत्येक संघाला डावात ठरावीक वेळाच दाद मागता येते आणि ती बरोबर ठरली तर संधी खर्ची पडत नाही. ग्रामसभेला एवढा काटेकोर नियम लागेल असे वाटत नाही. बहुतेक वेळा भिंतीवर पडदा आहे आणि मागे जाता येते, हे सभेला ठाऊक असले की वाचणारा नाव नीट वाचेल. सिल्लोड तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीने येत्या सभेला हे करून पाहावे. प्रोजेक्टर चालवायला लग्नातला मिक्सरवरचा तो पोरगा मिळेल; लग्नसराई नसली की तो मोकळाच असतो.